मोरी कोणी साफ करायची?



सरकारी देखभालीची कामं ठेक्यानं द्यावीत की खात्यानं आपल्याच माणसांकडून करून घ्यावीत, हा आजचा विषय. सीमाप्रश्नावर बोलतो म्हटलं असतं तर मागच्या खुर्च्याही भरल्या असत्या, याची मला कल्पना आहे. पण माझी सगळी नोकरी रस्ते, मोऱ्या आणि अंदाजपत्रकं यांतच गेली. जे पाहिलं त्यावरच बोलावं असं ठरवून आलो आहे.

नंदगडात हा विषय काढताना एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 26 जानेवारी 1831 रोजी संगोळ्ळी रायण्णांना इथे फाशी दिलं. त्यांच्या पराक्रमाबद्दल मराठी, कानडी सगळेच बोलतात. त्यांच्या नोकरीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. रायण्णा कित्तूर संस्थानचे शेतसनदी होते. चाकरीच्या बदल्यात त्यांना सनदेनं जमीन मिळालेली होती. महिन्याच्या महिन्याला पगार नाही, पण पिढ्यान्‌पिढ्याची शाश्वती. कित्तूर पडल्यावर इंग्रजांनी त्यांची काही जमीन काढून घेतली आणि उरलेल्या जमिनीवर जबर सारा बसवला. उठावाला एवढंच कारण होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या चाकरांच्या जिवावर गावाचा कारभार चालत होता, त्यांच्याशी असलेला बोलीचा व्यवहार एका बाजूनंच मोडला गेला, ही गोष्ट त्या उठावाच्या मुळाशी होती. मागची व्यवस्था सोन्यासारखी होती, असा याचा अर्थ नाही. बलुतेदारीत आणि वतनात जातीची बेडी होती, ती तुटली हे चांगलंच झालं. तरी गावचं रोजचं काम कोणी करायचं, कोणत्या भरवशावर करायचं, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे.

इंग्रजांनी 1854-55 च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं. त्या खात्यानं रस्त्यांसाठी जी माणसं ठेवली, त्यांना आपल्याकडे मैलकुली म्हणत, नंतर गँगमन. ठरलेला टप्पा, वर एक मुकादम, हातात फावडं, कुदळ, घमेलं आणि कोयता. खानापूर-नंदगड-हल्याळ रस्त्यावरची ही माणसं इथल्या ज्येष्ठांनी पाहिलेली आहेत. तरुणांना त्यांचं काम नेमकं काय असे ते सांगतो, कारण सगळा वाद तिथेच येऊन थांबतो.

मृग लागायच्या आधी गटारं उपसायची. साइडपट्टी तासून तिला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, म्हणजे पाणी डांबरावर न थांबता बाजूला जातं. मोऱ्यांची दोन्ही तोंडं मोकळी करायची. हे झालं उन्हाळ्यातलं काम, आणि ते कुणीही करू शकतो. खरं काम पावसात. आपल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, जांबोटी-कणकुंबीकडे, पाऊस कसा कोसळतो ते तुम्हाला सांगायला नको. जंगलातून वाहून आलेली एक फांदी पाइपच्या तोंडात आडवी बसते. तिच्यावर पालापाचोळा, पाचोळ्यावर चिखल, आणि हल्ली त्यात प्लास्टिकच्या बाटल्या. तासाभरात मोरी बंद. पाणी मागे तुंबतं, रस्त्यावरून उलटतं आणि खालच्या बाजूनं भराव कापत वर येतं. सकाळी एस.टी. येते तोवर अर्धा रस्ता ओढ्यात. इरलं घेतलेला एक माणूस योग्य वेळी तिथे असला तर कोयत्याच्या चार घावांत हे निभावतं. नसला तर पुढच्या वर्षी लाखांचं अंदाजपत्रक होतं, टेंडर निघतं, फीत कापली जाते आणि कामाचं श्रेय घ्यायला दोन पक्ष भांडतात. वेळेवर उपसलेल्या मोरीची फीत कापलेली मी पाहिली नाही.

आता मी स्वतः अशी अंदाजपत्रकं केलेली आहेत. दरसूचीत ‘मोरी साफ करणे’ असं लिहिता येतं, त्याला दर लावता येतो, एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, नोंद करता येते. कंत्राटदार एप्रिलमध्ये मोरी उपसतो, मोबाइलवर फोटो काढतो, बिल मांडतो. त्यानं फसवलं का? अजिबात नाही. ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे केलं. पण जुलैतल्या अमावास्येच्या रात्री उठून बघून येणं कुठल्याच दरसूचीत नाही. कारण बघून आल्यावर दहापैकी नऊ वेळा काही करावंच लागत नाही, आणि न केलेल्या कामाचं बिल निघत नाही. देखभाल म्हणतात ती मुख्यतः ही बघून येण्याची नोकरी आहे. नवा रस्ता, नवा पूल, डांबराचा नवा थर ही कामं ठेक्यानं द्यावीत, त्यात माझं काही भांडण नाही. यंत्रं त्यांच्याकडे, भांडवल त्यांच्याकडे. बारमाही काम त्या साच्यात बसवायला गेलं की गडबड होते.

रेल्वेनं हे पूर्वीच ओळखलं. कॅसलरॉक ते कुळे हा साधारण 26 किलोमीटरचा घाट, 37 ला 1 असा चढ. पावसाळ्यात तिथे रुळांवर गस्त असते आणि कीमन आपल्या हद्दीतले रूळ चालत तपासतो. रेल्वेनं स्टेशनांची झाडलोट ठेक्यानं दिली, डब्यांतल्या चादरी ठेक्यानं दिल्या. रुळांवरून चालणारा माणूस मात्र तिनं बराचसा आपल्याकडेच ठेवला. रूळ निखळला तर चौकशी कोणाची होईल हे तिथे आधीपासून ठरलेलं असतं.

दुसरी बाजू मी झाकणार नाही. झाकली तर तुमच्यातलेच दोघेचौघे उठून बोलतील. खात्याच्या मस्टरवर काय काय चालायचं! कागदावर बारा नावं, रस्त्यावर सात माणसं. उरलेल्यांपैकी दोघं साहेबांच्या बंगल्यात बागेला पाणी घालत आणि एक साहेबांच्या मुलाला शाळेत सोडायला. एका विभागात मी मेलेल्या माणसाच्या नावावर तीन महिने हजेरी पाहिली आहे. अंगठा कोणाचा, ते विचारायचं नाही अशी तिथली रीत. खात्यातली माणसं काम करत नाहीत, ही लोकांची तक्रार हवेतून आलेली नाही. ठेकेदारीला लोकांनी सुरुवातीला विरोध केला नाही, उलट बरं वाटलं, याचं कारण हेच. पण मस्टर खोटं होतं म्हणून माणूसच काढून टाकला, आणि मस्टर लिहिणारा जागच्या जागी राहिला. आज तोच टेंडर लिहितो.

या मस्टरवरच्या माणसांचा खटला आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. धारवाड जिल्हा पीडब्ल्यूडीतल्या साक्षर रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं कर्नाटक सरकारविरुद्ध लढवलेला हा खटला. 1990 साली निकाल लागला. राज्यभरात असे सुमारे 50,000 रोजंदार होते आणि कितीकांची सेवा 16 ते 20 वर्षं झालेली होती. वीस वर्षं रोज कामावर येणारा माणूस ‘रोजंदार’! न्यायालयानं सरकारला टप्प्याटप्प्यानं त्यांना कायम करायला लावलं. महाराष्ट्रात हे भांडण आधीच मिटवायचा प्रयत्न झाला होता. 1967 च्या कालेलकर निवाड्यानं बांधकाम आणि पाटबंधाऱ्यातल्या सलग पाच वर्षं काम केलेल्या रोजंदारांना ‘रूपांतरित अस्थायी आस्थापने’वर घ्यायचं ठरलं. नाव लांबलचक, पण त्या नावानं कितीतरी घरांत पेन्शन आली.

मग 10 एप्रिल 2006. पुन्हा कर्नाटक. उमादेवी खटला, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. मागच्या दारानं घेतलेल्या माणसाला कायम होण्याचा हक्क नाही, भरती उघड जाहिरातीनं आणि नियमानं व्हायला हवी, असा निकाल. तत्त्व म्हणून त्यात मला खोट दिसत नाही. ज्यानं अर्ज करून, परीक्षा देऊन वाट पाहिली, त्याचाही हक्क आहेच. त्याच निकालात न्यायालयानं असंही म्हटलं होतं की मंजूर जागांवर दहा वर्षांहून जास्त काम केलेल्यांचा एकदा निकाल लावून टाका, आणि पुढे भरती वेळच्या वेळी करा. सरकारांनी निकालाचा पहिला अर्धा भाग पाठ केला. कायम करायचं नाही हे लक्षात ठेवलं, भरती करायची हे विसरले. मधली वाट निघाली ती ठेकेदाराची. माणूस तोच, काम तेच, झाडू तोच, फक्त पगारपत्रकावर मालकाचं नाव बदललं. डिसेंबर 2024 मध्ये ‘जग्गो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याबद्दल सरकारचे कान उपटले. केंद्रीय जल आयोगाच्या कचेरीत वर्षानुवर्षं साफसफाई आणि बागकाम करणाऱ्या लोकांना काढून टाकलं होतं. उमादेवीचा निकाल ढालीसारखा वापरू नका, असं सांगून न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं.

1990 नंतर कायम झालेले गँगमन आता निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला माणूस मला या भागातल्या रस्त्यांवर दिसत नाही.

तुमच्या गावाकडच्या वाटेवर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक असेल, तर घरी जाताना मोटारसायकल थांबवून तो वाचा. रस्त्याची लांबी, खर्च, कंत्राटदाराचं नाव, आणि खाली पाच ओळी: पहिल्या वर्षी देखभालीला इतके रुपये, दुसऱ्या वर्षी इतके, पाचव्या वर्षापर्यंत. ज्यानं रस्ता बांधला त्यानंच पाच वर्षं सांभाळायचा, ही अट त्या योजनेत आहे, आणि ती चांगली अट आहे. आपल्या खिशातून खड्डे बुजवावे लागणार हे माहीत असलं की खडी जरा नीट दाबली जाते. पण सहाव्या वर्षाची ओळ त्या फलकावर नाही.

आता पाण्याकडे येतो. बेळगावनं या बाबतीत जो प्रयोग केला, तो देशभर गाजला. 2004 साली जागतिक बँकेनं कर्नाटकाला शहरी पाणीपुरवठ्यासाठी कर्ज दिलं. हुबळी, धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा इथे काही भाग निवडून चोवीस तास पाणी द्यायचं ठरलं. 2005 मध्ये काम मिळालं फ्रान्सच्या वेओलिया समूहातल्या कंपनीला. 2008 पासून बेळगावच्या दक्षिण आणि उत्तर भागातल्या निवडक वस्तीत, म्हणजे शहराच्या साधारण दहाव्या हिश्शात, रात्रंदिवस पाणी येऊ लागलं. हे खरंच झालं. ज्या शहरात बायका पहाटे उठून नळाखाली घागर लावून बसत, तिथे एका भागात टाक्या आणि पिंपं अडगळीत गेली. ठेकेदारी म्हणजे लूट, असं सरसकट म्हणणाऱ्या मित्रांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

पण त्या यशाचा हिशेब नीट मांडायला हवा. कंपनीनं स्वतःचा पैसा घातला नव्हता. नवे पाइप, मीटर, जोडण्या यांचा पैसा कर्जाचा आणि सरकारचा. कंपनीला व्यवस्थापनाची फी होती, आणि ती कामगिरीशी बांधलेली होती: गळती किती कमी केली, दाब किती ठेवला, तक्रार किती वेळात मिटवली. जुन्या पाणी मंडळाच्या माणसाला कुणी कधी नवे पाइप दिले नव्हते आणि मीटरही दिले नव्हते. त्याला गंजलेली लाइन आणि शिव्या मिळाल्या. दोघांची तुलना करताना हा फरक सोयीस्करपणे गाळला जातो. उरलेल्या नऊ हिश्श्यांनी पुढे दहा-बारा वर्षं नुसती वाट पाहिली. 2021 मध्ये शहराचा पाणीपुरवठा एल अँड टी कंपनीकडे गेला. त्यानंतर खोदलेले रस्ते आणि लांबलेलं पाणी यावरून महापालिकेत झालेली खडाजंगी तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेली आहे.

बेळगावात ही फ्रेंच कंपनी पाणी सोडू लागली त्याच 2008 साली पॅरिस शहरात उलटा निर्णय झाला. तिथे 1985 पासून सीन नदीच्या एका काठाचं पाणीवाटप याच समूहाकडे आणि दुसऱ्या काठाचं सुएझकडे होतं. पॅरिसच्या नगरसभेनं करार संपताच पाणी स्वतःकडे घ्यायचं ठरवलं, आणि 1 जानेवारी 2010 पासून ‘ओ द पारी’ ही शहराची स्वतःची संस्था सगळा कारभार पाहू लागली. पुढच्या वर्षी तिथले पाण्याचे दर 8 टक्क्यांनी उतरले. हे पॅरिसला जमलं, कारण पाणी शुद्ध करून शहरापर्यंत आणण्याचं काम आधीपासून शहराचाच मोठा वाटा असलेल्या कंपनीकडे होतं. तिथे माहीतगार इंजिनिअर शिल्लक होते. कंपनीनं दाखवलेला आकडा खरा की खोटा, हे सांगू शकणारा माणूस पालिकेच्या बाजूला बसलेला होता. आपल्याकडे ठेका देताना पहिला बळी या माणसाचा जातो. मग टेंडरच्या अटी लिहायला सल्लागार, कामावर देखरेखीला दुसरा सल्लागार, आणि त्या दोघांवर देखरेख करायला एक उपअभियंता, ज्याच्याकडे आणखी तीन तालुक्यांचा चार्ज असतो.

विजेतही ठेक्याचा अनुभव असाच दोन्ही बाजूंचा. महाराष्ट्रात 2007 साली भिवंडीची वीजवाटणी टोरंटला दिली, वीजगळती पुष्कळ खाली आली आणि कंपनी अजून तिथे आहे. तोच नमुना औरंगाबादेत जीटीएलला दिला, तो 2014 मध्ये गुंडाळावा लागला. नागपूरचा 2019 मध्ये परत घ्यावा लागला. त्यामुळे खासगी म्हटलं की पोटात दुखणारे आणि सरकारी म्हटलं की नाक मुरडणारे, या दोघांशीही माझं फारसं जमत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की स्वस्ताई नेमकी कुठून येते ते विचारा. यंत्रानं, नव्या पाइपनं, चांगल्या नियोजनानं आली तर घ्यावी. पण झाडू मारण्याच्या कामात कसली आली नवी यंत्रणा? तिथे ठेका स्वस्त होतो तो एकाच जागी, मजुराच्या ताटात. मुंबई महापालिकेनं ‘हैदराबाद पॅटर्न’ म्हणून कचऱ्याचं काम संस्थांना वाटून दिलं आणि मजुरांना ‘स्वयंसेवक’ म्हटलं. वीसपेक्षा कमी माणसांच्या टोळ्या केल्या, कारण 1970 चा कंत्राटी कामगार कायदा वीस माणसांपासून लागू होत असे. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं लढला. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 2,700 कामगारांना कायम करायला सांगितलं. दिवसभर मुंबईचा कचरा उचलणारा स्वयंसेवक! असा शब्द शोधणाऱ्याला खरं तर बढती मिळाली असेल.

कर्नाटकात या बाबतीत सरकार थोडं पुढे गेलं, ते कबूल करायला हवं. पौरकार्मिकांचा, म्हणजे शहरांतल्या सफाई कामगारांचा, ठेका बंद करून पगार थेट त्यांच्या खात्यात भरायची पद्धत आली. तरीही कायम करा म्हणून जुलै 2022 मध्ये त्यांना राज्यभर झाडू खाली ठेवावा लागला, आणि सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळानं 11,133 जणांना कायम करायला मान्यता दिली. त्याउलट महाराष्ट्रात सप्टेंबर 2023 मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करायचा शासन निर्णय निघाला, आणि गदारोळ झाल्यावर पुढच्याच महिन्यात मागे घेतला गेला. कोणत्या सरकारनं सुरुवात केली यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. कामावर कोणी बोललं नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेत म्हटलं आहे की आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावू नयेत. मग गाभ्याची नसलेली कामं म्हणून यादी दिली आहे. त्यात साफसफाई आहे, पहारा आहे, आणि बांधकामाबरोबर त्याची देखभालही आहे. यादी वाचून मी दचकलो. पण तिच्यात एक फट आहे, वकिलांनी लक्ष द्यावं. ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तरच ही सूट. आता सांगा, नगरपालिका कशासाठी स्थापन झाली? बांधकाम खातं रस्ते सांभाळायला नसेल तर कशाला आहे? हा प्रश्न उद्या कोणीतरी न्यायालयात नेणार. तो आपल्या भागातून गेला तर धारवाडच्या त्या रोजंदारांची परंपरा पुढे चालेल.

न्यायालयाला वेळ लागेल, पाऊस थांबणार नाही. म्हणून तालुक्यापुरतं बोलतो. जलजीवन योजनेतून गावोगाव नळ आले, त्यांची देखभाल ग्रामपंचायतीच्या गळ्यात आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती एका वॉटरमनच्या डोक्यात आहे. कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठल्या दगडाखाली, कुठली लाइन जुनी, मोटार कुठल्या आवाजाला बंद करायची, हे त्यालाच ठाऊक. त्याचा पगार महिनोन्‌महिने अडकतो, आणि मग तो कंटाळून गोव्याला जातो. पंचायतीनं एवढं करावं: काम ठेक्यानं गेलं तरी माणूस तोच राहील आणि पगार बँकेतून जाईल, अशी अट टेंडरमध्ये घालावी. ठेक्याची मुदत संपताना कंत्राटदारानं पाइपलाइन आणि व्हॉल्व्हचा नकाशा पंचायतीत जमा केल्याशिवाय त्याची अनामत सोडू नये. आणि मोऱ्यांसाठी, जून ते सप्टेंबर का होईना, तालुक्याला खात्याची स्वतःची एक टोळी परत द्यावी अशी मागणी करावी. हजेरी चावडीवर लोकांसमोर घेतली की मस्टरचा प्रश्नही बराचसा सुटतो.

असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. त्याचा मसुदा मी मराठी आणि कानडी दोन्हीत करून आणला आहे. कागद अध्यक्षांकडे देऊन ठेवतो. ज्यांना आपल्या गावच्या ग्रामसभेत मांडायचा असेल त्यांनी झेरॉक्स काढून घ्यावी, आणि पीडीओंची, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांची, पोच मात्र सही-शिक्क्यानिशी घ्यावी.